शेठ वालचंद हिराचंद : एका वारसाची कथा

आपले मनमाड आगगाडीचे गाव. म्हणून रूळ टाकण्यापासून उदयास आलेल्या, व आपल्याच जिल्ह्यात कारखाना वसविणाऱ्या एका वारसाची हकीकत येथे देणे अप्रस्तुत होणार नाही.

शेठ वालचंद हिराचंद सोलापूरच्या जैन व्यापारी कुळात सन १८८२ साली जन्मले. सावकारीची व कापसाची पेढी आयती हाती आली होती. परंतु व्याजबट्ट्यात त्यांचे मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागी करून त्यांनी लोहमार्गाचे मक्ते घेतले. अनुभव फाटकांचा, भांडवल शेठजींचे. वारशाचा असा उपयोग किती वारस करतात?

पुढे १९१९ साली सिंदिया कंपनीची आगबोट विलायतेस गेली. १९४० साली बंगळूरास विमानांचा कारखाना निघाला. युद्धाच्या धामधुमीत १९४२ साली सरकारने तो आपल्या हाती घेतला. विशाखापट्टणची जहाजगोदीही १९५२ साली सरकारी ताब्याखाली गेली. पुढच्याच वर्षी, ८ एप्रिल १९५३ रोजी, शेठजी निवर्तले. मागे पुत्र नव्हता. कारभार बंधूंकडे गेला.

मालेगाव तालुक्यातील रावळगावची खडकाळ जमीन त्यांनी उसाखाली आणली. तेथे १९३३ साली साखर व १९४२ साली गोळ्या होऊ लागल्या. त्या गोळ्या आपल्यापैकी कोणी चघळल्या नाहीत? घराण्याने त्यांचा व्यापार ऐंशीहून अधिक वर्षे सांभाळला. फेब्रुवारी २०२४ मध्ये २७ कोटी रुपयांस गोळ्यांची नावे रिलायन्सच्या कंपनीस विकली गेली. त्यांत रावळगाव हे नावही गेले.