पेन, टॉमस

पेन, टॉमस : (२९ जानेवारी १७३७–८ जून १८०९). इंग्लंडात जन्मलेला आणि अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध व फ्रेंच राज्यक्रांती या दोन्ही घटनांत प्रत्यक्ष भाग घेतलेला राजकीय तत्त्वचिंतक व पुस्तिकाकार. मनुष्यास जन्मतःच काही हक्क प्राप्त होतात आणि शासनसंस्था त्या हक्कांच्या रक्षणार्थच अस्तित्वात येते, हा सिद्धांत पेनच्या जन्मापूर्वी सुमारे अर्धशतक जॉन लॉकने प्रतिपादिला होता. परंतु तोवर जो विचार प्रायः विद्वानांच्या ग्रंथांत आणि उमराव-जमीनदारांच्या चर्चेत वावरत होता, तो कारागीर, शेतकरी व शिपाई यांस उमगेल अशा भाषेत आणून, त्यातून वंशपरंपरागत राजसत्तेचा निषेध, मालमत्तेच्या अटीवाचून मताधिकार आणि निर्धनांच्या निर्वाहाची सार्वजनिक जबाबदारी असे निष्कर्ष निर्भयपणे काढण्याचे श्रेय मुख्यतः पेनकडे जाते.

जीवन : पेनचा जन्म नॉर्फक परगण्यातील थेटफर्ड या गावी झाला. वडील क्वेकर पंथाचे असून स्त्रियांच्या काचोळ्या बनविण्याचा त्यांचा धंदा होता. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडून तो याच धंद्यात शिरला व पुढे अबकारी खात्यात कारकुनी दर्जाच्या अंमलदारीवर लागला. तेथील तुटपुंज्या वेतनामुळे नोकरवर्गास लाचलुचपतीचा मोह कसा पडतो, हे दाखवून पगारवाढीची मागणी करणारा अर्ज त्याने १७७२ मध्ये आपल्या सहकाऱ्यांच्या वतीने लिहिला; दारिद्र्य आणि राज्यकारभार यांच्या परस्परसंबंधाकडे पाहण्याची जी दृष्टी त्याच्या उत्तरकालीन ग्रंथांत परिणत झालेली दिसते, तिचा उगम या अर्जात आहे. अर्ज निष्फळ ठरला आणि १७७४ मध्ये तो खात्यातून बडतर्फ झाला. त्याच वर्षी बेंजामिन फ्रँक्लिनची शिफारसपत्रे घेऊन तो फिलाडेल्फियास गेला व तेथे एका मासिकाच्या संपादनाचे काम करू लागला.

जानेवारी १७७६ मध्ये त्याची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका निनावी प्रसिद्ध झाली. अमेरिकन वसाहतींचा लढा सुरू झालेला असला, तरी पार्लमेंटच्या जुलमाविरुद्ध राजाकडेच दाद मागावी, असा बहुसंख्य पुढाऱ्यांचा कल त्या वेळी होता. पेनने राजपदावरच आघात केला. जन्माच्या योगायोगाने एका कुळास कोट्यवधी माणसांवर कायमची हुकमत कशी प्राप्त होते, हा प्रश्न त्याने बायबलमधील दाखले व नित्याचा व्यवहार यांच्या आधारे विचारला आणि पूर्ण स्वातंत्र्य व प्रजासत्ताक हाच मार्ग होय, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. पुस्तिकेच्या अल्पावधीत अनेक आवृत्त्या निघाल्या, आणि सहा महिन्यांच्या आत वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. त्या वर्षाच्या अखेरीस, वॉशिंग्टनचे सैन्य माघार घेत असता, पेनने ‘द अमेरिकन क्रायसिस’ या लेखमालेस प्रारंभ केला.

१७८७ मध्ये तो युरोपास परतला. एडमंड बर्कने नोव्हेंबर १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करणारा ग्रंथ प्रसिद्ध करताच त्यास उत्तर म्हणून पेनने ‘राइट्स ऑफ मॅन’ (दोन भाग, १७९१ व १७९२) लिहिला. स्वस्त आवृत्त्यांच्या द्वारे हा ग्रंथ विणकर, चांभार व छापखान्यातील कामगार यांच्यापर्यंत पोहोचू लागला, तेव्हा ब्रिटिश सरकारने पेनवर राजद्रोही लेखनाचा खटला भरला. खटल्याच्या सुनावणीपूर्वीच पेन फ्रान्सला गेला होता. त्याच्या गैरहजेरीत, डिसेंबर १७९२ मध्ये, त्यास दोषी ठरविण्यात आले. फ्रान्समध्ये तो राष्ट्रीय परिषदेचा सभासद झाला. तेथे सोळाव्या लूईच्या देहदंडास त्याने विरोध केला व राजास अमेरिकेस हद्दपार करावे, अशी सूचना मांडली. ज्याने राजपदाचा जन्मभर धिक्कार केला, त्यानेच राजाच्या प्राणासाठी शब्द टाकावा, यात विसंगती नाही. मनुष्यमात्राचे हक्क मानणाऱ्यास पदच्युत राजाचे मनुष्यत्व नाकारता येत नाही, हे त्याने आपल्या जिवावर उदार होऊन दाखविले. डिसेंबर १७९३ मध्ये त्यास कैद झाली आणि नोव्हेंबर १७९४ मध्ये, अमेरिकन वकील जेम्स मन्‍रो याच्या खटपटीने, त्याची सुटका झाली. १८०२ मध्ये तो अमेरिकेस परतला. तथापि ‘द एज ऑफ रीझन’ या त्याच्या ग्रंथातील धर्मचिकित्सेमुळे बहुतेकांनी त्याच्याकडे पाठ फिरविली होती. न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले व अंत्यविधीस मोजकीच माणसे हजर होती.

राजकीय विचार : समाज आणि शासन यांतील भेद हा पेनच्या विचाराचा पाया आहे. माणसांच्या परस्पर गरजांतून समाज स्वभावतः उत्पन्न होतो व तो हितकर असतो. शासन मात्र माणसांच्या दुष्प्रवृत्तींना आवर घालण्यापुरतेच आवश्यक असते. शासनाच्या उत्पत्तीविषयी त्याने करारसिद्धांतास दिलेले वळण लक्षणीय आहे. करार होतो तो राजा आणि प्रजा यांच्यामध्ये नव्हे, कारण शासन जन्मास येण्यापूर्वी राजा नावाचा पक्षच नसतो. स्वतंत्र व्यक्ती आपापसांत करार करतात, त्यातून संविधान निर्माण होते आणि त्या संविधानातून शासन. म्हणून लेखी, सर्वांस दाखविता येण्याजोगे व शासनाच्या आधी अस्तित्वात आलेले संविधान ज्या राष्ट्रास नाही, त्यास संविधानच नाही, असा त्याचा ब्रिटिश राज्यपद्धतीवर आक्षेप होता.

नैसर्गिक हक्कांचे त्याने दोन वर्ग कल्पिले. विचार, श्रद्धा यांसारखे जे हक्क व्यक्ती स्वतःच्या सामर्थ्याने पूर्णपणे बजावू शकते, ते ती स्वतःकडेच राखून ठेवते. आत्मसंरक्षणासारखे जे हक्क एकट्याच्या बळावर बजावता येत नाहीत, ते ती समाजाच्या सामाईक ठेवीत जमा करते आणि समाजाच्या सामर्थ्याद्वारे त्यांचा उपभोग घेते. समाज व्यक्तीस काहीच बहाल करीत नाही. या सामाईक ठेवीत प्रत्येकाचा स्वतःचा हिस्सा असतो. यावरूनच सनदांविषयीचे त्याचे मत निष्पन्न झाले. सनद एखाद्या नगरास वा वर्गास हक्क देते असे मानणे भ्रममूलक होय. हक्क मुळात सर्वांचेच असल्याने सनद प्रत्यक्षात इतरांचे हक्क काढून घेते व उरलेल्या मूठभरांकडे ते मक्त्यासारखे सोपविते.

बर्कच्या मते इंग्रजांचे हक्क हा पूर्वजांकडून चालत आलेला वारसा होता आणि १६८८ च्या राज्यक्रांतीच्या वेळी पार्लमेंटने राजघराण्याशी जी निष्ठा कबूल केली, ती पुढील पिढ्यांवरही बंधनकारक होती. पेनचे उत्तर असे, की ज्याप्रमाणे एका माणसास दुसऱ्या माणसावर स्वामित्व सांगता येत नाही, त्याचप्रमाणे एका पिढीस पुढील पिढ्यांवरही ते सांगता येत नाही; कायदा जुना असल्यामुळे नव्हे, तर हयात असलेल्यांनी तो रद्द न केल्यामुळे अंमलात राहतो.

आर्थिक विचार : ‘राइट्स ऑफ मॅन’च्या दुसऱ्या भागात त्याने करपद्धतीचे आकडे मांडून, गरीब कुटुंबांतील चौदा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे सालीना ४ पौंड आणि वृद्धांस पन्नाशीनंतर ६ व साठीनंतर १० पौंड द्यावेत, अशी योजना सुचविली; ही रक्कम भिक्षा म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून द्यावयाची, यावर त्याचा कटाक्ष होता. ‘अ‍ॅग्रेरियन जस्टिस’ (१७९७) मध्ये तो याहून पुढे गेला. अकृष्ट भूमी ही समस्त मानवजातीची सामाईक मालमत्ता असून कसणाऱ्याची मालकी केवळ त्याने केलेल्या सुधारणेपुरती असते. यास्तव प्रत्येक जमीनमालक समाजाचा भूभाड्यापुरता देणेकरी आहे, आणि वारसाहक्काने हस्तांतरित होणाऱ्या संपत्तीवर कर बसवून उभारलेल्या निधीतून प्रत्येक व्यक्तीस एकविसाव्या वर्षी १५ पौंड व पन्नाशीनंतर सालीना १० पौंड मिळावेत, असे त्याने प्रतिपादिले. उपाशी माणसाच्या हाती दिलेला हक्क निरर्थक ठरतो, ही जाणीव अठराव्या शतकातील फारच थोड्या हक्कवाद्यांस इतक्या स्पष्टपणे झाली होती.

महाराष्ट्रातील प्रभाव : जोतीराव फुले यांनी १८४७ च्या सुमारास पुण्यात ‘राइट्स ऑफ मॅन’चे वाचन केले, आणि पुढील वर्षीच त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांस त्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अर्पण केली. धर्मविचारातही दोघांत साम्य आढळते. पेन नास्तिक नव्हता. एकच निर्माता मानून त्याने ग्रंथप्रामाण्य व पुरोहितवर्गाची मध्यस्थी नाकारली होती. जोतीरावांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’तील निर्मिकाची कल्पना याच भूमिकेशी जुळते. मात्र जोतीरावांनी पेनची केवळ पुनरुक्ती केली नाही. पेनच्या राजकीय योजनेत स्त्रियांच्या नागरिकत्वाचा स्वतंत्र विचार नाही आणि जातिसंस्थेसारखी जन्माधिष्ठित उतरंड त्याच्यासमोर नव्हती. जोतीरावांनी स्त्री व पुरुष या दोघांसही समान हक्कांचे धनी ठरवून आणि जन्मसिद्ध श्रेष्ठत्वावरील आघात राजकुळापासून वर्णव्यवस्थेपर्यंत नेऊन नैसर्गिक हक्कांच्या सिद्धांतास त्याची संपूर्ण व्याप्ती प्राप्त करून दिली. प्रत्येक पिढीने आपल्या प्रश्नांचा विचार स्वतः करावा, हे पेनचे सूत्र मानणाऱ्यास हीच रीत साजेशी होती.