हेडलाइटचे समायोजन
हेडलाइटचे समायोजन म्हणजे मोटार वाहनाच्या पुढील दिव्यांचा झोत योग्य उंचीवर व दिशेने स्थिर करण्याची प्रक्रिया होय. बल्ब किंवा संपूर्ण दिवा बदलल्यानंतर, अपघाताच्या दुरुस्तीनंतर, तसेच स्प्रिंग वा शॉक ॲब्सॉर्बर बदलल्यानंतर ती आवश्यक ठरते. झोत वर गेल्यास समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात. फार खाली गेल्यास स्वतःच्या चालकाला पुरेसा रस्ता दिसत नाही.

झोताची रचना

डिपरच्या झोताला वरच्या बाजूस प्रकाश व अंधार यांची स्पष्ट सीमारेषा असते. भारतात वाहने डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे ही रेषा उजवीकडे आडवी असते व डावीकडे तिरकी वर चढते. परिणामी डाव्या कडेचे पादचारी व फलक दिसतात, मात्र उजवीकडून येणाऱ्या वाहनावर तीव्र प्रकाश पडत नाही. उजव्या बाजूने वाहने चालवणाऱ्या देशांतील दिव्यांची रचना याच्या उलट असते. असा दिवा बसवल्यास कोणत्याही समायोजनाने तो दोष दूर होत नाही.

झोताचा उतार टक्क्यांत मोजतात. १ टक्का उतार म्हणजे प्रत्येक मीटर अंतरामागे १ सेंटिमीटर घट. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंचीवर असल्यास १ टक्का उताराची सीमारेषा ६५ मीटरवर रस्त्याला मिळते. उतार २ टक्के झाल्यास हेच अंतर साडेबत्तीस मीटर होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ते सुमारे दोन सेकंदांत पार करते. उतार शून्य झाल्यास सपाट रस्त्यावर सीमारेषा जमिनीला कोठेही मिळत नाही.

बिघाडाची कारणे

दिवा बदलल्यानंतर झोत बिघडल्यास प्रथम बल्बची बैठक तपासली जाते. एच४ प्रकारच्या बल्बच्या कड्याला तीन कान असतात व ते होल्डरच्या खाचांत एकाच स्थितीत नीट बसतात. बल्ब तिरका बसला किंवा स्प्रिंगची पकड सुटली, तर सीमारेषा अस्पष्ट वा कललेली दिसते. हा दोष स्क्रू फिरवून जात नाही. हॅलोजन बल्बसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब बसवल्यास प्रकाशाचा उगम मूळ जागी राहीलच असे नाही. त्यामुळे झोत विखुरतो.

संपूर्ण दिवा बदलला असल्यास त्याचे आधार, खिळे व बंपरमागील पट्टी सरळ आहे की नाही हे पाहावे लागते.

पद्धत

गॅरेजमध्ये बीम सेटर नावाचे यंत्र वापरतात. त्यातील भिंग दूरच्या पडद्यावर पडणाऱ्या झोताची आकृती लहान पेटीत दाखवते. यंत्र उपलब्ध नसल्यास सपाट जमीन व उभी भिंत यांच्या साहाय्याने काम करता येते.

१. चाकांतील हवेचा दाब योग्य ठेवून चालकाच्या आसनावर एक व्यक्ती बसवली जाते. डॅशबोर्डवर दिव्यांची उंची बदलण्याची कळ असल्यास ती शून्यावर ठेवतात.
२. वाहन भिंतीजवळ उभे करून दोन्ही दिव्यांच्या मध्यबिंदूंची खूण केली जाते व त्यांतून उभ्या रेषा आखल्या जातात.
३. वाहन सरळ मागे घेऊन दिवे भिंतीपासून १० मीटरवर आणले जातात.
४. मध्यबिंदूंच्या खाली १० सेंटिमीटरवर आडवी रेषा आखली जाते. हे अंतर १ टक्का उताराचे आहे. निर्मात्याने दिव्याजवळ वेगळा आकडा छापला असल्यास तोच प्रमाण मानावा.
५. दुसऱ्या दिव्यासमोर पुठ्ठा धरून एकेक दिवा तपासला जातो. उंचीच्या स्क्रूने सीमारेषा आडव्या रेषेवर व दिशेच्या स्क्रूने तिचा वळणबिंदू उभ्या रेषेवर आणला जातो.

एच४ बल्बमध्ये अप्पर व डिपर यांचा परावर्तक एकच असल्याने अप्परचे वेगळे समायोजन होत नाही.

भारतातील नियम

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार पुढील दिव्याचा झोत खाली वळलेला असणे बंधनकारक आहे. दिव्यापुढे ८ मीटर, उजव्या बाजूस ०.५ मीटर व जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीला तो दिपवणारा नसावा. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत दिव्यांच्या नमुन्यांची चाचणी होते. परंतु वापरातील प्रत्येक वाहनाच्या झोताची स्थिती त्या चाचणीतून ठरत नाही.

व्यावसायिक वाहनांच्या योग्यता तपासणीत हेडलाइटचाही समावेश असतो. खासगी मोटारीची नोंदणी मात्र प्रथम १५ वर्षांसाठी वैध असते. या काळात दिवा बदलल्यानंतरची तपासणी प्रामुख्याने मालक व कारागीर यांच्यावरच अवलंबून राहते.

स्थानिक संदर्भ

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात एमएच ४८ या संकेताची वाहने धावतात. येथून जाणाऱ्या मुंबई–अहमदाबाद महामार्गावर अवजड वाहतूक मोठी आहे, तर होळी, पापडी यांसारख्या वसईच्या जुन्या वस्त्यांत दुभाजक नसलेले अरुंद रस्ते आहेत. अशा रस्त्यावर समोरचा दुचाकीस्वार झोताच्या अगदी जवळून जातो. पावसाळ्यात ओल्या डांबरावरून प्रकाश परावर्तित होऊन दिपण्याचा त्रास वाढतो. भारतात पूर्वी दिव्याच्या काचेवर काळा रंग लावण्याची प्रथा होती. त्यामुळे दिपणे काहीसे कमी झाले, तरी उपयुक्त प्रकाशही अडतो. म्हणून तो समायोजनाला पर्याय ठरत नाही.