मागच्या बाकांवरील मुलें

शाळेंत आयुष्य घालविलेल्या प्रत्येक मास्तराच्या मनांत एक न लिहिलेली यादी असते. कोणता मुलगा पुढें जाणार आणि कोणता कोठेंतरी चिकटणार, हें त्या यादींत पहिल्या सहामाहीलाच ठरून गेलेलें असतें. अशी यादी मींही बाळगली होती. आज ज्या बाईंची हकीकत मी आपणांस सांगणार आहें, त्यांनीं ती खोटी ठरविली.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत, पॅसिफिक महासागराच्या कांठीं, सॅन दिएगो हें शहर आहे. तेथील शाळांत वर्णावरून पडलेली फूट मोडावी, असा न्यायालयाचा हुकूम झाला होता. त्यास अनुसरून १९८० च्या सुमारास शहराच्या आग्नेय भागांतील गरीब वस्त्यांमधील मुलें बसगाड्यांतून दूरच्या क्लेअरमाँट हायस्कुलांत येऊं लागलीं. त्याच सुमारास जवळ एक नवी शाळा निघाली आणि सुखवस्तु घरांतील पुष्कळ मुलें तिकडे गेलीं. अशा वेळीं शाळा सहसा एकच उपाय करते. ती धडे सोपे करते. मुलांवर दया केल्यासारखें दिसतें, पण महाविद्यालयाचें दार तेथेंच बंद होतें.

मेरी कॅथरिन स्वॉन्सन या त्या शाळेंत इंग्रजी विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांनीं नेमकें उलट केलें. मध्यम गुणांचीं, पण कष्टास तयार असलेलीं ३२ मुलें त्यांनीं निवडलीं आणि त्यांना शाळेंतील अवघड वर्गांत बसविलें. मात्र त्यांना एकटें सोडलें नाहीं. रोजच्या वेळापत्रकांत एक तास या मुलांसाठीं राखून ठेवला. त्या तासाला टिपणें कशीं घ्यावीं हें शिकवीत. कागदाचे दोन भाग करावयाचे. उजवीकडे शिक्षकांनीं सांगितलेलें लिहावयाचें आणि डावीकडे त्यावरून सुचलेले प्रश्न. मग मुलें लहान गटांत बसत. महाविद्यालयांतील विद्यार्थी मदतीस येत. परंतु उत्तर सांगावयाचें नाहीं, प्रश्न विचारून मुलाकडूनच तें काढावयाचें, असा दंडक होता. सुशिक्षित घरांत हें सारें जेवतां-बोलतां मुलांच्या कानांवर पडतें. ज्यांच्या घरीं तें नाहीं, त्यांना तें शाळेनें द्यावें, एवढीच बाईंची मागणी होती.

या उपक्रमाचें नांव अ‍ॅव्हिड. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ उत्सुक, आणि त्याच्या आद्याक्षरांत स्वतःच्या निर्धारानें उन्नति असा आशय गोंविलेला आहे. पण निर्धार पुरेसा नव्हता. विज्ञानाच्या एका परीक्षेंत या मुलांना चांगले गुण पडले, तेव्हां त्यांनीं नक्कल केली असा आरोप आला. मुलें पुन्हां परीक्षेस बसलीं व पुन्हां उत्तीर्ण झालीं. दोष कोणाच्या यादींत होता, तें उघड झालें.

१९८४ सालीं या पहिल्या तुकडीचें शालेय शिक्षण संपलें आणि तींतील बहुतेक मुलें महाविद्यालयांत दाखल झालीं. १९८६ सालीं बाईंनीं जिल्ह्याच्या शिक्षण कचेरींत जाऊन ही पद्धति इतर शाळांत नेली. १९९२ सालीं तिच्यासाठीं स्वतंत्र संस्था निघाली. आज ती हजारों शाळांत चालू आहे. अशा एका तासानें गरिबी हटत नाहीं, आणि ज्यांची इच्छाच मेलेली आहे अशीं मुलें या निवडींतूनही सुटतात, हें मला मान्य आहे.

१९८० च्या त्याच सुमारास मी नवखा मास्तर होतों. मागच्या बाकावरील एका मुलानें मला विचारलें, “गुरुजी, मी कॉलेजांत जाऊं शकेन का?” मीं हंसून म्हटलें, “आधीं शालान्त परीक्षा तर पास हो.” त्यानें पुन्हां कधीं विचारलें नाहीं. उत्तर कठोर होतें असें मला तेव्हां वाटलें नाहीं. तो प्रश्न म्हणजे मदतीची हांक होती, हें कळावयास मला निवृत्त व्हावें लागलें. जे आज शाळेंत उभे आहेत, त्यांनीं तरी तो ऐकावा.