विम्याच्या वादात दिवाणी न्यायालय परके नाही

विमा कंपनीने क्लेम नाकारला की ग्राहक आयोगात जायचे. दिवाणी न्यायालयात कंपनीविरुद्ध दावा चालत नाही आणि अपील तर मुळीच टिकत नाही, असे मत भिलाई-दुर्गकडे सर्रास ऐकू येते. पोलाद कारखान्यामुळे विदर्भातून येऊन इथे स्थिरावलेल्या मराठी घरांतही हाच सल्ला दिला जातो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला चुकीचा आहे. त्यापायी माणसे हक्काच्या पैशांवर पाणी सोडतात, म्हणून त्याचे खंडन करणे भाग आहे.

पूर्वपक्ष कच्चा नाही. ग्राहकांसाठी आयोग आहेत, मोटार अपघातांसाठी न्यायाधिकरण आहे, विमा लोकपाल आहे आणि छत्तीसगडच्या तक्रारींसाठी त्याचे कार्यालय भोपाळला आहे. कायद्याने खास मंच दिला असताना सामान्य न्यायालयाने बाजूला राहावे, हा युक्तिवाद वरवर पटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 175 मध्ये तर दिवाणी न्यायालयाला स्पष्ट मनाईच आहे.

पण ही मनाई कुठवर जाते? समजा, जीई रोडवर सुपेल्याजवळ ट्रकने मोटारसायकलला धडक दिली आणि चालक दगावला. त्याच्या वारसांची नुकसानभरपाई न्यायाधिकरणच ठरवणार, आणि त्यावरचे अपील कलम 173 खाली बिलासपूरच्या उच्च न्यायालयात जाणार. त्याच धडकेत ट्रकचीही मोडतोड झाली आणि मालकाचा दुरुस्तीचा क्लेम त्याच्याच कंपनीने नाकारला, तर तो प्रश्न न्यायाधिकरणापुढे येतच नाही. तो पॉलिसीच्या कराराचा भंग आहे. अपघात एकच असला तरी दुसऱ्या वादाला कलम 175 लागत नाही. पहिल्या वादाची मनाई दुसऱ्यावर लादली जाते, तिथेच या प्रचलित मताची गफलत आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 9 नुसार, स्पष्टपणे किंवा अभिप्रेत अर्थाने मनाई नसेल तर दिवाणी स्वरूपाचा प्रत्येक दावा चालवणे न्यायालयावर बंधनकारक आहे. ही मनाई सहजासहजी गृहीत धरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 1968 साली धुलाभाई खटल्यात सांगितले. तो खटला मध्य प्रदेशविरुद्धचा होता, आणि दुर्ग जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चे कलम 100 तर स्वतःच सांगते की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांना बाधा आणणारा नाही. जोडीला आलेल्या उपायाने मूळचा उपाय संपला असे म्हणणे म्हणजे कलमाचा अर्थच उलटा करणे आहे.

उलट आयोगालाच काही वेळा हात आखडता घ्यावा लागतो. आयोगाची कार्यवाही संक्षिप्त असते. 2006 मध्ये ओरिएंटल इन्शुरन्सच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वादग्रस्त तथ्यांचा गुंता आयोगाने सोडवणे अयोग्य ठरवले. सही बनावट आहे की खरी, आजार लपवला की नव्हताच, अशा प्रश्नांना साक्षीपुरावा आणि उलटतपासणी लागते. आयोगाने गुणदोषांवर निर्णय न देता परत पाठवले, तर तिथे गेलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम 14 खाली वगळून मागता येतो. लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात (1995) हा मार्ग दाखवलेला आहे. मुदतीचा फरकही मोठा आहे. ग्राहक तक्रारीला दोन वर्षे मिळतात, तर विम्याच्या दिवाणी दाव्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद 44 नुसार तीन, आणि क्लेम नाकारला असेल तर ती नकाराच्या तारखेपासून मोजतात. आयोगाची मुदत हुकली म्हणून घरी बसलेल्या माणसाच्या हातात कित्येकदा आणखी एक वर्ष असते.

पूर्वपक्षात खरे आहे ते एवढेच, की एका वाटेवरून दुसरीवर अपिलासाठी उडी मारता येत नाही. दुर्गच्या ग्राहक आयोगाच्या आदेशावर अपील रायपूरच्या राज्य आयोगाकडे, 45 दिवसांत. तो आदेश घेऊन जिल्हा न्यायाधीशांकडे गेलात तर अपील फेटाळले जाणार, आणि योग्यच. आयोगाने गुणदोषांवर निकाल दिल्यावर तोच वाद नव्या दाव्याने उकरताही येत नाही. पण हुकूमनामा दिवाणी न्यायालयाचा असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96 खाली अपील पक्षकाराचा हक्क आहे: जिल्हा न्यायालयात 30 दिवसांत, उच्च न्यायालयात 90 दिवसांत. समोर विमा कंपनी आहे म्हणून त्यात काहीही कमी होत नाही.

एक काळजी मात्र घ्यावी. व्यापारी न्यायालय कायदा, 2015 मधील ‘व्यापारी वादा’च्या व्याख्येत विमा नावानिशी आहे. तीन लाख किंवा अधिक रकमेचा वाद त्यात मोडला आणि तातडीचा दिलासा मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळली तर दावाच नामंजूर होतो, हे 2022 च्या पाटील ऑटोमेशन निकालाने पक्के केले. व्यापारी न्यायालयाच्या निकालावरील अपिलाला 60 दिवस मिळतात.

म्हणून नकारपत्र जपून ठेवा, त्यावरची तारीख पाहा, आणि ‘दिवाणीत चालत नाही’ असे सांगणाऱ्याला कोणत्या कलमाने, ते विचारा.