छापील शब्दाची पत

श्रोतेहो, "छापून आलंय म्हणजे खरं असणारच" हे वाक्य तुम्हीही लहानपणी ऐकलं असेल. आमच्या चिखलीत ते फार ऐकू यायचं. तेव्हा चिखली हे इंद्रायणीकाठचं शेतीचं गाव होतं. पिंपरी-चिंचवड महापालिकेत ते आलं १९९७ साली. गावात पेपर मोजकेच यायचे. एकानं वाचायचा आणि दहाजणांनी ऐकायचा, अशी रीत. बातमीवरून वाद झडायचे, पण छापणाऱ्यानं पैसे घेऊन ती छापली असेल अशी शंका कोणाच्या मनाला शिवत नसे. आज त्याच गावातली तरुण पोरं निवडणुकीच्या दिवसांत पेपर उघडतात आणि एखाद्या उमेदवाराचा हसरा फोटो पाहून पहिला प्रश्न विचारतात, "ह्याचे किती मोजले असतील?" छापील शब्दाची ही पत कशी उभी राहिली आणि कशी उतरत गेली, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

सुरुवात एका चुकीपासून करू. 'मराठा' हे इंग्रजी आणि 'केसरी' हे मराठी साप्ताहिक १८८१ सालच्या जानेवारीत पुण्यात सुरू झालं. 'केसरी'चे संपादक आगरकर, 'मराठा'चे टिळक. दोघेही ऐन पंचविशीतले. कोल्हापूरचे तरुण महाराज, चौथे शिवाजी, यांचा छळ होतो आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा मजकूर या पत्रांनी छापला. आधार होता काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, पण खटला मागे घेतला गेला नाही. १८८२ साली दोघांना चार महिन्यांची कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात ते एकशे एक दिवस राहिले.

आता पाहा, बातमी खोटी निघाली. हिशेबानं पत्रांची पत बुडायला हवी होती. झालं उलटंच. दोघे सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांचं स्वागत केलं. जोतीराव फुल्यांचा या मंडळींशी विचारांचा मोठा झगडा होता. तरी त्यांच्या सत्यशोधक वर्तुळातले रामशेठ उरवणे जामिनासाठी पुढे आले होते. लोकांनी काय पाहिलं? ज्यांनी छापलं त्यांचं नाव माहीत होतं. त्यांनी ते मनापासून खरं मानून छापलं होतं. आणि खोटं ठरल्यावर त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली होती.

याच जातीची एक गोष्ट सव्वाशे वर्षांनी अमेरिकेत घडली. २००४ साली तिथे अध्यक्षपदाची निवडणूक होती. त्या सप्टेंबरात सीबीएस या मोठ्या दूरचित्रवाणी कंपनीनं जॉर्ज बुश यांच्या तरुणपणच्या लष्करी सेवेविषयी काही कागद दाखवले. सेवेत त्यांना झुकतं माप मिळालं, असा त्यांचा आशय. ते कागद खरे आहेत हे कंपनीला सिद्ध करता आलं नाही. बारा दिवसांतच जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली आणि पुढच्या मार्चमध्ये डॅन रादर हे ज्येष्ठ वृत्तनिवेदक आपल्या खुर्चीवरून पायउतार झाले. कोल्हापूर काय किंवा न्यूयॉर्क काय, घाईत कागद न तपासता छापण्याचा दोष एकच आहे. त्याला उपायही आहे. चूक कोणाची ते समजतं, जाब विचारता येतो, दुरुस्ती छापता येते.

दुसरी गोष्ट पक्षपाताची. पूर्वीचे संपादक अगदी निःपक्षपाती होते, असं काहीजण हळवे होऊन सांगतात. तसं काही नव्हतं. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून १९१०पासून 'दीनमित्र' चालवणारे मुकुंदराव पाटील सत्यशोधकांच्या बाजूचे होते आणि ते लपवत नव्हते. आचार्य अत्र्यांचा 'मराठा' १९५६च्या नोव्हेंबरात निघाला तोच मुळी संयुक्त महाराष्ट्रासाठी. अत्रे विरोधकांची सालटी काढत आणि वाचणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असे की हा गडी कोणत्या बाजूनं लढतो आहे. तराजूचा काटा कुठे झुकलेला आहे हे गिऱ्हाइकाला दिसत असेल तर ते आपल्या मनानं वजाबाकी करून घेतं. काटा लपवला की फसवणूक सुरू होते.

मात्र त्या काळातही सगळं उजळ नव्हतं, हे विसरून चालणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघालं. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'नं छापली नाही, हे पुढे बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे एके काळी उघड जाहिरात रोख पैसे देऊनही नाकारली गेली, आणि पुढे असा काळ आला की जाहिरात बातमीचा सदरा घालून आली तर तिला पहिल्या पानाच्या आत मानाचं पान मिळू लागलं. दोन्ही वेळा फसला तो वाचकच. एकदा त्याच्यापासून माणसं लपवली गेली, दुसऱ्यांदा पैसा.

आता त्या दुसऱ्या काळाकडे येतो. २००९ साली महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक झाली, मतदान १३ ऑक्टोबरला. आमच्या भोसरी मतदारसंघाची ती पहिलीच निवडणूक, त्यामुळे आमच्याकडे उत्साह जरा जास्तच. त्या काळात 'पॅकेज' हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागला होता. लग्नाच्या हॉलचं असावं तसं पॅकेज: सभेची बातमी एवढ्याला, मुलाखत एवढ्याला, प्रतिस्पर्ध्याबद्दल गप्प राहायचं ते एवढ्याला.

पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात या व्यवहारावर लिहिलं, तेव्हा ही टपरीवरची कुजबुज देशाच्या चर्चेत आली. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून उभे होते. त्यांच्या स्तुतीची वृत्तपत्रांतली सत्तेचाळीस पूर्ण पानं साईनाथांनी गोळा केली होती. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकच मजकूर, मथळ्यासकट, शब्दाला शब्द छापला गेला होता. आणि उमेदवारानं निवडणूक आयोगाला दिलेल्या हिशेबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. तेव्हा विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा दहा लाखांची होती.

मी कवी आहे. दोन कवींना एकच कल्पना सुचू शकते, कधी एखादी ओळही जुळू शकते. पण दोन वेगळ्या कचेऱ्यांतल्या दोन वार्ताहरांना मथळ्यापासून पूर्णविरामापर्यंत सारखाच गद्य लेख सुचावा, हा योगायोग माझ्या वाचनात तरी दुसरीकडे कुठे आलेला नाही.

चव्हाणांनी पैसे दिल्याचा आरोप नाकारला. त्यांच्याविरुद्ध उभे असलेले माधव किन्हाळकर आयोगाकडे गेले. प्रकरण वरपर्यंत पोहोचलं. अशा हिशेबाचा खरेपणा तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये दिला. आयोगानं त्या जुलैत चव्हाणांना नोटीस काढली आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली. निवडणूक २००९ची, आणि शेवट लागला तेव्हा पुढची विधानसभा निवडणूक तोंडावर आली होती. चव्हाण न्यायालयात सुटले; पण ती पानं वाचून मत ठरवणाऱ्या मतदाराला ती बातमी होती की आणखी काही, याचं उत्तर कोणीच दिलं नाही.

हा रोग एका पक्षाचा किंवा एका राज्याचा नव्हता. भारतीय प्रेस कौन्सिलनं २००९ सालीच परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोघांची उपसमिती नेमली. त्यांच्या अहवालात एक नमुना आहे, तो वाचून हसावं की रडावं कळत नाही: एकाच वृत्तपत्राच्या एकाच पानावर एकाच मतदारसंघातले दोन्ही प्रतिस्पर्धी जिंकणार असल्याच्या दोन बातम्या! अहवालात वृत्तपत्रांची नावं होती. कौन्सिलनं २०१० साली जो अहवाल स्वीकारला तो लहानसा होता, नावं वगळलेला. दुसऱ्यांची बिंगं फोडणाऱ्या धंद्यानं आपलं बिंग मात्र झाकून ठेवलं. मूळ अहवाल बाहेर आला तो माहितीच्या अधिकारामुळे, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर, २०११ साली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना आयोगानं तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. २००७च्या निवडणुकीत छापून आणलेल्या मजकुराचा खर्च त्यांनी हिशेबात दाखवला नव्हता.

यातली कायद्याची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ असं सांगतं की निवडणुकीचं साधं पत्रक छापलं, तरी त्यावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. गल्लीत वाटलेल्या त्या चिठोऱ्याला बापाचं नाव लागतं. मात्र पैसे घेऊन लिहिलेली बातमी बापाचं नाव न लावता मोठ्या घरात सुखानं नांदते. आयोगानं जिल्ह्याजिल्ह्यांत नजर ठेवणाऱ्या समित्या नेमल्या, विधी आयोगानं २०१५ साली पैशाच्या बातमीला भ्रष्ट आचरण ठरवण्याची शिफारस केली. पण पैसे रोखीत दिले-घेतले जातात, पावती नसते, आणि देणारा-घेणारा दोघेही खूश असतात. तक्रार करणार कोण? ज्याचं नुकसान झालं तो वाचक, आणि त्याला तर ते झाल्याचं कळतही नाही.

इथे मला माझ्या घरच्या परंपरेतली एक गोष्ट आठवते. पैगंबरांची वचनं, म्हणजे हदीस, गोळा करणाऱ्यांनी एक शिस्त घालून घेतली होती. वचनाआधी सांगणाऱ्यांची साखळी द्यायची: हे मी अमक्याकडून ऐकलं, त्यानं तमक्याकडून. या साखळीला इस्नाद म्हणतात. प्रत्येक कडीतला माणूस कसा होता, त्याची स्मरणशक्ती कशी, तो खोटं बोलत असे का, हे तपासण्याचं एक स्वतंत्र शास्त्रच तयार झालं. लहानपणी ऐकलेली गोष्ट अशी: एक विद्वान एक वचन ऐकण्यासाठी दूरचा प्रवास करून एका माणसाकडे गेला. तो माणूस आपल्या सुटलेल्या जनावराला पदर पसरून बोलावत होता, जणू त्यात दाणे आहेत. विद्वानानं पाहिलं तर पदर रिकामा. तो तसाच माघारी फिरला. जो मुक्या जनावराला फसवतो, त्याच्या तोंडचं वचन घ्यायचं कसं?

आज मोबाइलवर येणाऱ्या मजकुराला अशी साखळीच नसते. 'आलंय तसं पाठवलं' एवढीच त्याची वंशावळ. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात मतदारांना फोन आले, आवाज थेट अध्यक्ष बायडन यांचा, सांगणं असं की प्राथमिक फेरीत मतदान करू नका. आवाज यंत्रानं बनवलेला होता. तिथे निदान माणूस सापडला आणि त्याला साठ लाख डॉलरांचा दंड झाला. आपल्याकडे सोसायटीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या क्लिपचा मूळ मालक शोधायचा कुठे?

अशा वेळी खरं तर लोकांनी छापील पेपराकडे धावत यायला हवं होतं. तिथे संपादकाचं नाव असतं, पत्ता असतं, जाब विचारायला दार असतं. पण पेपरवाल्यांनी ती पत आधीच सुट्ट्या भावानं विकली होती. आमच्या शेजारच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामं होती, ती २०२५ साली महापालिकेनं पाडली. तिथे रद्दी घेणारा बातमी वाचत नसे, गठ्ठा काट्यावर टाकत असे. खऱ्या बातमीचा आणि विकत घेतलेल्या बातमीचा भाव किलोला सारखाच. त्याचं त्यात काही चुकत नव्हतं. काळजी याची वाटते की वाचकही आता तसंच तोलू लागला आहे. "सगळेच खोटे" असं म्हणून तो मोकळा होतो आणि त्यात प्रामाणिक वार्ताहरही रद्दीत जातो. पाण्यासाठी, रस्त्यासाठी, कंपनीतून काढलेल्या कामगारासाठी खरी बातमी घेऊन तो वार्ताहर उद्या येईल, तेव्हा त्याच्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. यात फायदा होतो तो फक्त ज्याला खरं बाहेर यायला नको आहे त्याचा.

म्हणून श्रोतेहो, पुढच्या निवडणुकीत पेपर हाती घ्याल तेव्हा सगळंच खरं मानू नका आणि सगळंच खोटंही मानू नका. बातमीखाली कोणाचं नाव आहे ते पाहा. तोच मजकूर दुसऱ्या पेपरात तसाच आला आहे का, ते ताडून पाहा. उमेदवारांचे हिशेब निवडणुकीनंतर पाहायला मिळतात, ते मागा. छापून आलेली पानं त्यांच्या शेजारी ठेवा आणि बेरीज करा. शंका आली तर संपादकाला चार ओळींचं पत्र लिहा, खाली आपलं नाव आणि पत्ता घाला. आपण ज्यांच्याकडे साखळी मागतो, त्या साखळीतली शेवटची कडी आपणच आहोत.