गणितीय सत्यांचे स्वतंत्र अस्तित्व

गणितीय सत्यांचे स्वतंत्र अस्तित्व हा गणिताच्या तत्त्वज्ञानातील एक मूलभूत व अद्याप अनिर्णित प्रश्न आहे. भौतिक विश्व नसते, किंवा मोजणारा माणूस नसता, तरी ‘दोन अधिक तीन म्हणजे पाच’ हे विधान सत्य राहिले असते काय, असे त्याचे स्वरूप थोडक्यात सांगता येते. मराठीत ‘शोध’ हा एकच शब्द अमेरिकेसाठीही वापरतात आणि विजेच्या दिव्यासाठीही; पहिली आधीपासून होती, दुसरा माणसाने घडविला. गणितातील शोध यांपैकी कोणत्या प्रकारचा, हाच वादाचा मुद्दा होय.

प्रमुख मते

प्लेटोच्या मते गणिताचे विषय इंद्रियगोचर जगाहून वेगळे व कालातीत असतात. विसाव्या शतकात कुर्ट ग्योडेल (१९०६–१९७८) यांनी याच्याशी मिळतीजुळती भूमिका घेतली. स्थळकाळाबाहेरील वस्तूंचे ज्ञान स्थळकाळातील माणसाला होते कसे, हा तिच्यावरील आक्षेप पॉल बेनासेराफ यांनी १९७३ मध्ये नेमकेपणाने मांडला. डच गणिती ब्रौवर (१८८१–१९६६) यांनी उलट गणित ही मनाची रचना मानली.

न्याय-वैशेषिकांचे उत्तर या दोहोंपेक्षा निराळे आहे. ते संख्येला द्रव्याचा गुण मानतात. एकत्व वस्तूच्या ठायी असते. परंतु द्वित्व व त्यापुढील संख्या ‘हे एक, हे एक’ अशा अपेक्षाबुद्धीने उत्पन्न होतात आणि ती बुद्धी लोपल्यावर नष्ट होतात. गोठ्यातील दोन बैलांचे ‘दोनपण’ असे मोजणाऱ्यावर अवलंबून असते, तरी राहते ते बैलांच्याच ठायी.

कापरेकर स्थिरांकाचे उदाहरण

नाशिकजवळील देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावाने ओळखला जाणारा ६१७४ हा स्थिरांक या प्रश्नाची चांगली कसोटी आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी आणि हीच कृती उत्तरावर पुन्हा करावी. अधिकाधिक सात पायऱ्यांत ६१७४ येते. कापरेकरांच्या जन्मवर्षाला, म्हणजे १९०५ ला, बरोबर सात पायऱ्या लागतात: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४.

हा गुण मात्र दशमान लेखनाचा आहे. आठाच्या पायावर तीच संख्या १४०३६ अशी पाच अंकी होते आणि तेथे या कृतीत न बदलणारी, शून्याखेरीज एकही चार अंकी संख्या नाही. याउलट, सात पोती एकापेक्षा अधिक ओळींत सारख्या संख्येने लावता येत नाहीत. सात ही मूळ संख्या कोणत्याही लिपीत मूळच राहते. उस्मानाबाद जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, बालाघाटाचे डोंगर जागचे हलले नाहीत. संख्या आणि तिचे लेखन यांतील भेद असाच आहे.

तेवढ्यावरून ६१७४ हा केवळ माणसाचा खेळ ठरत नाही. दशमान पद्धत व कृतीचा नियम माणसाने निवडला. पण तो निवडल्यावर उत्तर ६१७५ यावे असे ठरविणे कोणाच्याही हाती नाही. निवड मानवी आणि परिणाम अटळ, या दुहेरी स्वरूपाचा उलगडा प्रत्येक मताला करावा लागतो, आणि ‘गणित म्हणजे निव्वळ संकेत’ या मताला तो सर्वांत जड जातो.

भौतिक जगाशी संबंध

बर्नहार्ट रीमान यांनी १८५४ मध्ये मांडलेली वक्र अवकाशाची भूमिती आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतासाठी वापरली. युक्लिडची प्रमेये त्यामुळे खोटी ठरली नाहीत. ती या विश्वाला कितपत लागू पडतात एवढाच प्रश्न उरला. गणिताची सत्यता निरीक्षणाने ठरत नाही असे यावरून म्हणता येते. संख्यांचे वेगळे जग आहे, हे मात्र यातून सिद्ध होत नाही.

विज्ञानाचे संख्यांवाचून चालत नाही, म्हणून त्यांचे अस्तित्व मान्य करावे, असा युक्तिवाद क्वाइन व पुटनम यांनी केला. हार्ट्री फील्ड यांनी १९८० मध्ये न्यूटनचा गुरुत्वसिद्धांत संख्यांविना मांडून त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न केला. पुंज यामिकीची तशी मांडणी शक्य आहे काय, याविषयी मतभेद आहेत.