रिसेप्टरच्या साथीदारांची कुळकथा

इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे गर्भाशय वाढते हे आधीपासून माहीत होते. कसे वाढते, याचा माग शिकागो विद्यापीठात एलवुड जेन्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस काढला. किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावलेले इस्ट्रोजेन त्यांनी उंदरांच्या माद्यांना टोचले. ते रक्तातून ओसरले, पण गर्भाशयात टिकून राहिले. त्याला धरून ठेवणारे प्रथिन, म्हणजेच रिसेप्टर, तिथे होता.

पुढे बरीच वर्षे सगळे श्रेय रिसेप्टरलाच मिळाले. तो डीएनएला चिकटतो, जनुक जागे होते, एवढीच गोष्ट सांगितली जाई. १९८९मध्ये स्ट्रासबुर्गच्या पिएर शांबोँ यांच्या गटाला एक विसंगती दिसली. पेशीत एका संप्रेरकाचा रिसेप्टर भरमसाट झाला की दुसऱ्याचे काम मंदावते. मला हा या कथेतला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो. दोघांनाही लागणारे, पण पेशीत मोजकेच असलेले असे काहीतरी आहे, हे त्या साथीदाराचा चेहरा दिसण्याआधीच कळले.

१९९५मध्ये ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात बर्ट ओमॅली यांच्या गटाने असा एक साथीदार, ‘एसआरसी-१’ हे प्रथिन, शोधून काढला. त्याच वर्षी जनुक दाबून ठेवणारे साथीदारही हाती आले.

रिसेप्टर आणि साथीदार यांची गाठ पडते कुठे, तेही लवकरच उलगडले. इस्ट्रोजेन आत बसले की रिसेप्टरच्या प्रथिनसाखळीचा बारावा पेच झाकणासारखा त्यावर मिटतो आणि पृष्ठभागावर एक खाच तयार होते. साथीदाराचा ल्यूसिनयुक्त छोटा तुकडा तिथे बसतो. मग हे साथीदार डीएनए गुंडाळलेल्या हिस्टोनांची पकड सैल करतात आणि जनुक वाचले जाते. इस्ट्रोजेनऐवजी टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध आत असेल तर तो पेच मिटत नाही, स्वतःच खाचेत जाऊन बसतो. साथीदाराला जागाच उरत नाही. १९९८मध्ये स्फटिकांच्या क्ष-किरण चित्रणात हे दिसले.

मग स्तनाचा कर्करोग रोखणारे हेच औषध गर्भाशयाच्या अस्तराला वाढीचा इशारा का देते? २००२मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दाखवले की अस्तराच्या पेशींत एसआरसी-१ भरपूर असते, आणि तिथे टॅमॉक्सिफेन असूनही ते कामाला लागते. रक्तस्राव ही अस्तर वाढल्याची खूण असू शकते. म्हणून पाळी थांबल्यावर टॅमॉक्सिफेन घेत असताना रक्तस्राव झाला, तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पण डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.